बिनतारी जाळे आणि परवलीचा शब्द : एक ऐतिहासिक टिपण

घरास कुलूप लावण्याचा परिपाठ जुना आहे. परंतु घरातील वायफाय जाळ्यासही कुलूप हवे, ही जाणीव महाराष्ट्रात एका शोकपूर्ण घटनेनंतर दृढ झाली. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथे साखळी बाँबस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे अगोदर वृत्तवाहिन्यांस धाडलेल्या ई-पत्राचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका परदेशी रहिवाशाच्या घरापर्यंत पोहोचला. प्रथम संशय त्या रहिवाशावरच आला. त्याच्या उघड्या जाळ्याचा परक्याने गैरवापर केल्याचे पुढील तपासात दिसून आले.

तथापि केवळ कुलूप लावल्याने भागत नाही, असे या विषयाचा इतिहास सांगतो. १९९७ सालची पहिली संकेतपद्धती 'वेप' ही होती. तिच्या रचनेतील दोष फ्लूरर, मँटिन व शमीर यांनी २००१ मध्ये उघड केले. येथे शब्द कितीही गुप्त असला तरी पद्धतीच दुबळी होती. तिच्या जागी २००३ मध्ये 'डब्ल्यूपीए', २००४ मध्ये 'डब्ल्यूपीए-२' व २०१८ मध्ये 'डब्ल्यूपीए-३' आली. यांपैकी शेवटच्या दोहोंचाच अवलंब करणे इष्ट होय.

पद्धत सुधारली, तेव्हा दुबळेपणा शब्दाकडे सरकला. 'डब्ल्यूपीए-२'मध्ये जोडणीच्या वेळची देवाणघेवाण टिपून घेऊन पुढे निवांतपणे शब्दांच्या याद्या लावून पाहता येतात. मुलाचे नाव, जन्मसाल, भ्रमणध्वनीचा क्रमांक हे अशा यादीत आधीच असतात. भाषेत एका शब्दावरून पुढचा ओळखू येतो, हा तिचा गुण. येथे मात्र तोच दोष ठरतो. म्हणून म्हण किंवा अभंगाचा चरण न योजता, परस्परांशी अर्थसंबंध नसलेले चार-पाच शब्द चिठ्ठ्या टाकून निवडावेत व ते रोमन लिपीत जोडून लिहावेत. राउटरच्या व्यवस्थापनाचा मूळ संकेतशब्दही बदलावा, त्याची आज्ञावली अद्ययावत ठेवावी व 'डब्ल्यूपीएस'ची सोय बंद करावी. जाळ्याचे नाव लपविल्याने मात्र फारसे काही साधत नाही.

लाखनीसारख्या गावी खरी अडचण निराळीच आहे. शेजारधर्म म्हणून मागितलेला शब्द नाकारणे जिवावर येते. त्यावर उपाय नकाराचा नसून पाहुण्यांसाठी वेगळे जाळे व वेगळा शब्द ठेवण्याचा आहे. ओसरी सर्वांना मोकळी आणि माजघर घरच्यांपुरते, ही व्यवस्था आपल्या वाडवडिलांना अपरिचित नव्हती. मात्र ओसरीवरून जे घडेल त्याची विचारणा प्रथम घरधन्याकडेच होते, हे सानपाड्याच्या उदाहरणावरून ध्यानी ठेवावे. तो शब्दही ओळखीच्यांनाच द्यावा आणि वेळोवेळी बदलावा.