अबादान : शुक्रवारच्या पगाराची लढाई

१४ जुलै १९४६. इराणच्या नैर्ऋत्येला, शत्त-अल-अरब नदीच्या काठी असलेल्या अबादान बेटावर त्या काळचा जगातील सर्वांत मोठा तेलशुद्धीकरण कारखाना बंद पडला. यंत्रे बिघडली नव्हती. हजारो कामगारांनी काम थांबवले होते. अनेक मागण्यांपैकी ज्या मागणीवर सारे अडले, ती ऐकायला अगदी साधी होती : शुक्रवारच्या साप्ताहिक सुट्टीचा पगार मिळावा.

त्या एका दिवसाच्या पगारामागे जवळजवळ चार दशकांचा इतिहास होता, आणि त्याच्या सुरुवातीच्या पानांवर हिंदुस्थानी कामगारांची नावे आहेत.

१९०१ मध्ये विल्यम नॉक्स डार्सी याने इराणच्या शाहकडून ६० वर्षांसाठी तेल शोधण्याची सवलत मिळवली. इराणला निव्वळ नफ्याचे १६ टक्के मिळायचे होते. २६ मे १९०८ रोजी मस्जिद-ए-सुलेमान येथे तेल लागले आणि पुढच्याच वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली. तिच्या पाठीशी पैसा होता बर्मा ऑइल कंपनीचा. मोहम्मेराच्या शेख खजलकडून अबादान बेटावर जागा घेतली गेली, डोंगरातून नळ टाकले गेले आणि १९१२ पासून कारखाना सुरू झाला.

पण तेल शुद्ध करणारे हात आणायचे कुठून? बर्मा ऑइलचा रंगूनजवळचा कारखाना आधीपासून चालू होता आणि तिथे तयार झालेले हिंदुस्थानी कारागीर उपलब्ध होते. फिटर, सुतार, लोहार, बॉयलर सांभाळणारे, शिवाय कारकून आणि पहारेकरी असे कितीतरी लोक करारावर अबादानला आले. मुंबईहून कराचीमार्गे बसऱ्याला जाणाऱ्या आगबोटींमुळे हिंदुस्थानची बंदरे या आखाताला आधीच जोडलेली होती.

कंपनीची उतरंड ठरलेली होती : वर युरोपीय, मध्ये हिंदुस्थानी, तळाला इराणी. पगार, घर, दवाखाना, सगळे या उतरंडीनुसार. मधल्या पायरीवरच्या माणसाची अवस्था अशा रचनेत नेहमीच विचित्र असते. खालच्याला तो साहेबाचा माणूस वाटतो, आणि साहेबाच्या लेखी तो कुलीच राहतो.

१९१४ मध्ये चर्चिल आरमारमंत्री असताना ब्रिटिश सरकारने या कंपनीचे ५१ टक्के भाग विकत घेतले, कारण आरमार कोळशावरून तेलावर येत होते. त्याच वर्षी महायुद्ध भडकले. सहाव्या पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड मुंबईहून निघाली आणि नोव्हेंबरात फाव येथे उतरली. तिच्यावरील कामगिऱ्यांपैकी एक होती अबादानच्या तेलाचे रक्षण. मेसोपोटेमियाच्या मोहिमेच्या या पहिल्याच पानावर पुण्याचे नाव आहे, हे इतिहासप्रेमींच्याही फारसे लक्षात नसते.

युद्ध संपले तेव्हा महागाई वाढलेली होती, पगार मात्र जुनेच होते. डिसेंबर १९२० मध्ये अबादानच्या सुमारे ३,००० हिंदुस्थानी कामगारांनी संप पुकारला. पगारवाढ, कामाचे कमी तास, जादा कामाचा वेगळा मोबदला, राहण्याच्या जागी स्वच्छता आणि वरिष्ठांच्या अपमानकारक वागणुकीला आळा अशा त्यांच्या मागण्या होत्या. शेवटच्या मागणीवरून या संपाची जात कळते. नुसत्या पैशांचा प्रश्न असता तर ती यादीत आलीच नसती.

कंपनीला अपेक्षित नव्हते ते पुढे घडले. इराणी कामगारही संपात उतरले. उतरंडीच्या दोन पायऱ्या एकत्र आल्या आणि कंपनीला पगार वाढवावे लागले.

कंपनी मात्र धडा विसरली नाही. १९२२ मध्ये पुन्हा संप झाला तेव्हा ती नमली नाही. सुमारे २,००० हिंदुस्थानी कामगारांना, ज्यांत शिखांचा भरणा मोठा होता, नोकरीवरून काढून मायदेशी पाठवण्यात आले. करारावर परदेशी आलेल्या कामगाराची नोकरी जाते तेव्हा तिच्याबरोबर त्याचा निवारा आणि त्या देशात राहण्याचा आधारही जातो. मालकाच्या हातातले हे सर्वांत धारदार हत्यार, आणि ते वापरायला कंपनीला फार विचार करावा लागला नाही.

आता इराणी कामगारांची पाळी होती. मॉस्कोत शिकून आलेल्या यूसुफ इफ्तिखारी याने साथीदारांसह गुप्तपणे संघटना बांधली. मे १९२९ मध्ये संप झाला, तो पोलिसी बळाने मोडला गेला आणि पुढारी तुरुंगात गेले. इफ्तिखारीची सुटका झाली ती थेट १९४१ मध्ये, रझा शाह पायउतार झाल्यावर. याच रझा शाहने १९३२ मध्ये डार्सीची सवलत रद्द केली होती. १९३३ च्या नव्या करारात परकीय नोकरांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करून त्यांच्या जागी इराणी नेमण्याचे कलम आले. त्याच करारात कंपनीची मुदत मात्र १९९३ पर्यंत वाढवून मिळाली!

शहर पाहिले की कामगार-संबंध वेगळे समजावून सांगावे लागत नसत. ब्रेम भागात हिरवळीचे बंगले होते, युरोपीयांसाठी. बवार्दा ही आखीव वसाहत जेम्स विल्सन या वास्तुविशारदाने रचली, जो पूर्वी नवी दिल्लीच्या उभारणीत लट्येन्सच्या हाताखाली होता. आणि कडेला होते कागझाबाद, म्हणजे कागदाचे गाव. मराठीतला ‘कागद’ फारसीतूनच आलेला असल्याने या नावाचा अर्थ निराळा सांगायला नको. तिथल्या झोपड्यांना वीज नव्हती आणि नळाचे पाणीही नव्हते. इराणी तेलखात्याचे अधिकारी मनुचेहर फर्मानफर्मायान यांनी ही वस्ती पाहिली आणि आपल्या आठवणींत तिचे विदारक वर्णन केले.

मे १९४६ मध्ये इराण सरकारने कामगार कायदा केला. आठवड्याला ४८ तास काम आणि साप्ताहिक सुट्टीचा पगार या त्यातील मोठ्या तरतुदी. कंपनी शुक्रवारच्या पगाराला तयार होईना. रोजंदारीवरच्या माणसाला सातव्या दिवसाचा पगार म्हणजे काय, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही : सहा दिवसांच्या कमाईत सात दिवसांची चूल पेटवायची की नाही, एवढाच तो प्रश्न.

तूदेह पक्षाच्या प्रभावाखालील संघटनांनी जुलैत सार्वत्रिक संपाची हाक दिली आणि खूझेस्तानभर काम थांबले. लष्करी कायदा जारी झाला. अबादानमध्ये संपवाले आणि कंपनीच्या आशीर्वादाने उभ्या राहिलेल्या अरब टोळ्यांच्या संघटनेचे लोक यांच्यात दंगल पेटली. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात. अनेक नोंदींत ते ४० च्या पुढे आहेत.

लंडनमध्ये तेव्हा मजूर पक्षाचे सरकार होते. परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन हा स्वतः ब्रिटनमधील एका प्रचंड कामगार संघटनेचा संस्थापक; आणि त्याच्या सरकारच्या मालकीचे निम्म्याहून अधिक भाग असलेली कंपनी कामगारांना सुट्टीचा पगार नाकारत होती. तेलाच्या रक्षणासाठी हिंदुस्थानातून बसऱ्याला सैन्यही पाठवण्यात आले. १९२० मध्ये या कारखान्यात हिंदुस्थानी माणूस संप करत होता, १९४६ मध्ये संपाच्या वेशीवर तो बंदूक घेऊन उभा होता.

पंतप्रधान कवाम यांनी पाठवलेल्या मंडळाने मध्यस्थी केली. शुक्रवारचा पगार मान्य झाला आणि तीन दिवसांनी संप मिटला. पाठोपाठ संघटनेच्या पुढाऱ्यांची धरपकडही झाली. जिंकलेला संप आणि तुरुंगातले पुढारी, असा तो निकाल.

मार्च १९५१ मध्ये कंपनीने काही ठिकाणचे भत्ते कापले आणि खूझेस्तान पुन्हा पेटले. त्याच महिन्यात इराणी संसदेने तेलाच्या राष्ट्रीयीकरणाला मंजुरी दिली आणि एप्रिलअखेर मोसद्देक पंतप्रधान झाले. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी उरलेले ब्रिटिश कर्मचारी अबादानच्या जिमखाना क्लबसमोर जमले आणि ‘मॉरिशस’ या युद्धनौकेकडे निघाले. ‘जिमखाना’ हा शब्द हिंदुस्थानातल्या साहेबांचा. त्यातला ‘खाना’ मुळात फारसी. तो हिंदुस्थान फिरून, साहेबाचा क्लब बनून इराणात परतला होता.

कारखान्याच्या भिंतीलगत एक छोटी, रंगीत, नक्षीदार मशीद आजही उभी आहे. रंगूनहून आलेल्या हिंदुस्थानी कामगारांसाठी १९२१ च्या सुमारास, म्हणजे त्या पहिल्या संपाच्या आगेमागे, ती बांधली गेली. अबादानचे लोक तिला रंगूनवाल्यांची मशीद म्हणतात. आणि त्या शहराचा झणझणीत ‘संबूसे’ खाताना आजही हिंदुस्थानी कामगारांची आठवण सांगितली जाते.