वैशाखाचा कोप आणि इशाऱ्याचा इतिहास

चैत्र सरून वैशाख लागला कीं भारतवर्षाच्या आकाशांत एकाच वेळीं निरनिराळे देखावे दिसूं लागतात. राजस्थानांत लू वाहूं लागते. बंगालमध्यें तिसऱ्या प्रहरीं काळेकुट्ट ढग वायव्येकडून चाल करून येतात. आणि पूर्वकिनाऱ्यावर चक्रवाताचें व त्यासवें येणाऱ्या पुराचें भय उभें राहतें. ह्या सर्वांचें मूळ मात्र एकच, आणि तें म्हणजे प्रखर सूर्यताप. छोटा नागपूरचें पठार तापतें, उपसागरावरून दमट वारा आंत शिरतो, त्याच्यावर पश्चिमेचा कोरडा वारा पसरतो आणि ह्या दोहोंच्या झटापटींतून 'कालबैशाखी' जन्मास येते. महाराष्ट्रांतील वळीव ही तिचीच धाकटी बहीण होय.

हा कोप शेतकऱ्यांस व कोळ्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. परंतु त्याची आगाऊ सूचना देतां येईल, हा विचार अर्वाचीन आहे. कलकत्त्यास सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायासनाचे अध्यक्ष हेन्री पिडिंग्टन ह्यांनीं जहाजांच्या रोजनिश्या जमवून वादळांचा अभ्यास केला. सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून 'सायक्लोन' हें नांव १८४८ सालीं त्यांनींच प्रचारांत आणलें. पुढें मातला नदीवर नवें बंदर वसविण्याचा घाट घातला गेला, तेव्हां १८५३ मध्यें त्यांनीं गव्हर्नर जनरल डलहौसी ह्यांस पत्र लिहून, एखादे दिवशीं समुद्राची लाट चढून तें बंदर बुडवील, असें बजाविलें. तें कोणीं मनावर घेतलें नाहीं. पिडिंग्टन १८५८ सालीं वारले. पोर्ट कॅनिंग उभें राहिलें. आणि १८६७ च्या नोव्हेंबरांत वादळाच्या लाटेनें त्याची धूळधाण केली.

त्यापूर्वींच, ५ ऑक्टोबर १८६४ रोजीं, कलकत्त्यावर भयंकर चक्रवात कोसळून सुमारें ६०,००० माणसें दगावलीं होतीं. १८६५ सालीं त्या बंदरासाठीं वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था झाली. १८६६ व १८७१ सालीं पावसानें दगा दिला, आणि १८७५ सालीं अखिल देशाचें हवामानखातें स्थापन होऊन हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख झाले. ह्या खात्याचें मुख्य कार्यालय १९२८ मध्यें सिमल्याहून पुण्यास आलें व १९४४ मध्यें दिल्लीस गेलें. पुणेकरांच्या तोंडीं 'सिमला ऑफिस' हें नांव मात्र राहून गेलें.

तथापि खातें निघाल्यानें सगळेंच साधलें, असें नाहीं. ३० एप्रिल १८८८ रोजीं मुरादाबादेस संत्र्याएवढ्या गारा पडून २४६ माणसें मेलीं. चक्रवात समुद्रावर दिवसेंदिवस वाटचाल करतो, म्हणून त्याचा माग काढतां येतो. गारांचें वादळ घटकाभरांत उठतें आणि ओसरतें. त्याच्या पुढें त्या काळचें तारायंत्र लंगडें पडलें.

जेथें इशारा वेळेवर पोंचतो, तेथें काय घडतें, हें ओडिशानें दाखवून दिलें. १९९९ च्या ऑक्टोबरांतील महाचक्रवातांत तेथें सुमारें १०,००० लोक प्राणांस मुकले. ३ मे २०१९ रोजीं 'फनी' नांवाचें उग्र वादळ पुरीजवळ धडकलें; पण सुमारें बारा लाख माणसें आधींच सुरक्षित स्थळीं नेलेलीं होतीं, आणि त्या राज्यांतील मृत्युसंख्या शंभराच्या आंत राहिली.

उष्म्याचें तसें नाहीं. तो छप्पर उडवीत नाहीं कीं झाड पाडीत नाहीं. घरोघरीं मुकाट्यानें बळी घेतो, आणि दाखल्यावर कारण दुसरेंच लिहिलें जातें. २०१० च्या मे महिन्यांत अहमदाबादेस पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यांतील मृत्यूंची नेहमीच्या संख्येशीं तुलना केली, तेव्हां तेराशेंहून अधिक माणसें जादा मेल्याचें उघड झालें. त्यानंतर २०१३ सालीं त्या शहरानें उष्म्याचे इशारे, पाणपोया व दवाखान्यांची तयारी ह्यांची योजना आंखली. दक्षिण आशियांतील अशी ती पहिलीच. २०१६ च्या मे महिन्यांत राजस्थानांतील फलोदी येथें पारा ५१ अंशांवर चढला, तेव्हां अशा योजनेची निकड आणखीच पटली.

वैशाख कोणास आवरतां येत नाहीं. पिडिंग्टन ह्यांचें पत्र मात्र वाचतां आलें असतें. पुढील पिढ्यांनीं यंत्रें सुधारलीं, तारा ओढल्या, आकाशांत उपग्रह सोडले. तरी आलेला इशारा खरा मानून घराबाहेर पडणें, किंवा भर दुपारीं मजुरास सावलींत बसूं देणें, हें काम यंत्राचें नव्हे, तें माणसांनींच करावयाचें आहे.