कार्डावरची चार अक्षरं

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, वही मिटली, आणि आंदर मावळातल्या आमच्या एका मैत्रिणीनं पिशवीतून प्लास्टिकची घडी काढली. आत रेशनकार्डाच्या झेरॉक्सला चिकटून बसलेलं जुनं डिस्चार्ज कार्ड. तिला तेव्हा सहावा महिना होता. पहिली मुलगी चार वर्षांची, सिझरची. सासूबाई म्हणत होत्या, नॉर्मलच होऊ दे, आमच्या वेळी काय सगळ्यांची पोटं फाडत होते का? नवरा चाकणला कंत्राटी कामावर. त्याला ठरलेली तारीख बरी, म्हणजे सुट्टी आधी सांगता येते. आणि एका दवाखान्यात तिला जुने कागद न बघताच सांगितलं होतं, "पहिलं सिझर ना? मग दुसरंही सिझरच."

"आता तुम्ही सांगा," म्हणाली.

आम्ही काही डॉक्टर नाही. तिनं काय करावं हे सांगायचा आम्हाला अधिकार नाही. पण हे "पहिलं सिझर म्हणजे दुसरंही सिझर" कुठून आलं, एवढं तर शोधता येईल ना? तिच्या कार्डावर इंग्रजीत चार अक्षरं होती, एल. एस. सी. एस. आम्ही ती शंभरदा बघितली असतील, अर्थ कधी विचारला नव्हता. आज त्या अक्षरांची गोष्ट.

आधी सिझर या शब्दाचंच बघू. रोमचा ज्युलियस सीझर पोट कापून जन्मला म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. ते काही खरं दिसत नाही, कारण त्याची आई पुढं कितीतरी वर्षं जगली, आणि त्या काळी पोट कापलेली बाई जगत नसे. जगभर रिवाज एकच होता: बाई गेली आणि पोटात मूल हलतंय, तरच कापायचं. आपल्याकडच्या सुश्रुतसंहितेतही मेलेल्या आईच्या पोटातून हलतं मूल काढावं असं सांगितलं आहे. म्हणजे हे ऑपरेशन आईसाठी नव्हतंच. अपवाद सापडतात. १८७९ साली आफ्रिकेतल्या आजच्या युगांडात एका इंग्रज प्रवाशानं गावच्या वैदूला असं ऑपरेशन करताना पाहिलं. केळीची दारू पाजून बाईला गुंगी आणली, त्याच दारूनं हात आणि पोट धुतलं, आणि आई-बाळ दोघं जगली. युरोपातल्या मोठमोठ्या दवाखान्यांत तेव्हा बहुतेक आया दगावत होत्या.

त्या का दगावत, तर पोट शिवत, पण आतली गर्भपिशवी शिवत नसत. ती आपोआप मिटेल अशी समजूत होती. रक्त वाहत राही, पू होई. १८७६ साली इटलीतल्या पोरो नावाच्या डॉक्टरनं यावर तोड काढली ती भयंकरच. मूल काढलं की पिशवीही कापून टाकायची. बाई वाचली, पण पुढं मूल नाही. मग १८८२ साली जर्मनीत सेंगर या डॉक्टरनं पिशवीला चांदीच्या तारेनं आणि रेशमानं टाके घातले. तिथून पुढं सिझरनंतर दुसरं बाळंतपण हा प्रश्नच जन्माला आला! त्याआधी तो पडायला बाई तरी उरत नव्हती, नाहीतर पिशवी तरी.

याच सुमारास आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत शिकत होत्या. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचं त्यांनी त्यातूनच मनावर घेतलं. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि त्यांनी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. पुढच्याच वर्षी पुण्यात त्या वारल्या, तेव्हा वय एकवीस. असो, त्यांच्यावर पूर्ण एक भाग करायचा आहे.

आता मूळ वाक्याकडे येऊ. "एकदा सिझर, कायम सिझर" हे वाक्य न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या डॉक्टरचं, साल १९१६. आपल्या तळेगावात तेव्हा पैसाफंडाचा काच कारखाना सुरू होऊन आठ वर्षं झाली होती. वाक्य इतकं जुनं आहे. पण आम्हाला खरं नवल वाटलं ते पुढं. क्रेगिनसाहेब हे दुसऱ्या बाळंतपणाबद्दल हुकूम म्हणून सांगतच नव्हते. ते आपल्या डॉक्टर मंडळींना बजावत होते, की बाबांनो, पहिलं सिझर उठसूट करू नका, एकदा केलंत तर पुढच्या प्रत्येक वेळी करायची पाळी येईल. आणि याला अपवाद आहेत हेही त्यांनी तिथंच सांगितलं होतं. सिझरनंतर नॉर्मल बाळंत झालेली बाई त्यांच्या स्वतःच्या हाताखालची होती. इशारा पहिल्या सिझरसाठी होता, तो राहिला बाजूला. शेपूट तेवढं उरलं, आणि शंभर वर्षांनी ते मावळातल्या बाईला पाच मिनिटांत ऐकवलं जातं.

तरी त्या काळी वाक्यात तथ्य होतं. तेव्हा पिशवीवर उभा छेद घेत, वरच्या जाड भागात. कळा येतात तेव्हा जोर लावतो तो हाच भाग. तिथं व्रण असला तर कळांनी तो उसवायची भीती मोठी. मग स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरातले मन्रो कर पुढं आले. ग्लासगो म्हणजे कारखान्यांचं शहर, धुरानं ऊन दिसायचं नाही. उन्हाविना पोरींची हाडं मऊ पडत, मुडदूस होई, मोठेपणी कटीचं हाड अरुंद, बाळाला वाटच नाही. तिथं सिझर वारंवार करावं लागे, म्हणून तिथल्या डॉक्टरांना ते सुधारायची निकड होती. कर यांनी छेद खाली घेतला, पिशवीच्या पातळ भागात, आणि आडवा. तिथं रक्त कमी जातं, व्रण चांगला भरतो, आणि कळांचा ताण त्याच्यावर कमी पडतो. १९२० नंतरच्या वर्षांत त्यांनी हे लावून धरलं, आणि पुढं जगभर हीच रीत झाली.

आणि हीच ती अक्षरं. एल. एस. म्हणजे पिशवीचा खालचा भाग, सी. एस. म्हणजे सिझर. आमच्या मैत्रिणीच्या कार्डावर लिहिलं होतं की तिचा छेद खालचा आहे. बाहेरच्या पोटावरच्या व्रणावरून हे कळत नाही बरं का. बाहेर आडवा आणि आत उभा असंही असू शकतं. म्हणून कागद लागतो.

नवा छेद आला तरी जुनं वाक्य काही गेलं नाही. अमेरिकेत १९८० साली तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं जाणकारांची बैठक बोलावली. त्यात निघालं, की खालचा छेद असेल तर बऱ्याच जणींनी नॉर्मलचा प्रयत्न करायला हरकत नाही. १९९६ पर्यंत पूर्वी सिझर झालेल्या शंभरातल्या अठ्ठावीस जणी तिथं नॉर्मल बाळंत होऊ लागल्या. मग काही जणींचे व्रण उसवले, खटले झाले. १९९९ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेनं सांगितलं की ऑपरेशनची तयारी तिथल्या तिथं असेल तरच प्रयत्न करा. छोट्या दवाखान्यांनी दारंच लावून घेतली आणि आकडा दहाच्या खाली आला. २०१० मध्ये पुन्हा बैठक झाली आणि पुन्हा म्हणाले, बऱ्याच जणींसाठी प्रयत्न योग्यच आहे. झोका इकडून तिकडे. बाईचं पोट तेच.

आपल्याकडं काय झालं? आमच्या आयांची बाळंतपणं बाजेवर, सुईणीच्या हाती झाली. सुईण नाळ कापी, शेक-शेगडी बघे, पाचवीला सटवाई पूजून जाई. मूल आडवं आलं तर मात्र डोली, बैलगाडी नाहीतर तळेगाव स्टेशन, आणि वेळेत पोचलीच तर पुण्याचं ससून. ज्या परतल्या नाहीत त्यांची नावं घरात कुणी काढत नाही. सासूबाई म्हणतात "आमच्या वेळी", तेव्हा आम्ही त्यांना हे आठवण करून देतो. सिझर वाईट नाही. वेळेवर मिळालं नाही म्हणून आमच्यातल्या दोघी आईविना वाढल्या.

पण आता काटा दुसरीकडे झुकलाय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली देशात शंभरात साधारण साडेआठ बाळं सिझरची होती, २०१९-२१ मध्ये एकवीसच्या वर. महाराष्ट्रात पंचवीस. देशातल्या सरकारी दवाखान्यांत शंभरात चौदा, खासगीत सत्तेचाळीस! बायांची हाडं पंधरा वर्षांत एवढी अरुंद झाली नसावीत.

पहिल्या सिझरच्या बाया इतक्या, म्हणजे आमच्या मैत्रिणीचा प्रश्न घरोघरी येणार. हिशोब असा. मागं एकच सिझर, खालचा छेद, आणि बाकी अडचण नाही, अशा शंभर जणींनी प्रयत्न केला तर बहात्तर ते पंचाहत्तर नॉर्मल बाळंत होतात. आधी एखादं नॉर्मल झालेलं असेल तर पंच्याऐंशीच्या वर. व्रण उसवायची भीती साधारण दोनशेत एक. एक म्हणजे थोडं वाटतं, पण त्या एकीच्या हाताशी मिनिटं असतात, तास नसतात. कळा आणायचं औषध किंवा इंजेक्शन दिलं तर भीती वाढते. म्हणून कुणी घरी येऊन कळांचं इंजेक्शन देतो म्हणाला तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. दोन बाळंतपणांत अंतर फार कमी असेल तरी भीती जास्त. उभा छेद असेल, आधी पिशवी उसवलेली असेल, किंवा वार खाली तोंडाशी असेल, तर सिझरच.

सारखं सिझर करण्याचाही हिशोब आहे, तो कुणी सांगत नाही. दर वेळी आतली इंद्रियं एकमेकांना चिकटतात, आणि पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतायची शक्यता वाढते. आमच्यातल्या एकीची दोन सिझर झालेली. तिसऱ्या वेळी वार व्रणात रुतली, पिशवी काढावी लागली, रक्ताच्या बाटल्यांवर बाटल्या लागल्या, तेव्हा ती वाचली. तिसरं मूल हवंच आहे असं ज्या घरात ठरलंय, त्यांनी दुसऱ्याच वेळी हे मोजावं.

दुसऱ्या एकीनं प्रयत्न केला, रात्रभर कळा दिल्या, बाळ सरकेना, पहाटे सिझर झालं. ती म्हणते, मला पस्तावा नाही, पण आधी सांगायला हवं होतं की असंही होऊ शकतं.

राहता राहिला रस्ता. पुस्तकात हे नसतं. व्रण उसवला तर थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त तिथंच हवं. ज्या छोट्या दवाखान्यात भूलतज्ज्ञाला फोन करून बोलवावं लागतं, तिथला डॉक्टर नाही म्हणाला तर तो खरंच बोलतोय, त्याचा राग धरू नये. राग येतो तो कारण न सांगता नाही म्हणणाऱ्याचा. तळेगावात १९९५ साली वैद्यकीय महाविद्यालय आलं, त्याचं रुग्णालय आहे. पिंपरीचं वायसीएम आहे. पण चाकण रस्त्यावर कंटेनर अडकले की ॲम्ब्युलन्स काय करणार? आणि आंदर मावळातला श्रावण तुम्हाला ठाऊक आहे.

आमच्या मैत्रिणीनं पहिलं काम केलं ते कागदांचं. कार्डावर छेद होता, सिझर का केलं ते नव्हतं. २००२ च्या नियमानुसार आपले कागद मागितले की ७२ तासांत द्यायचे असतात. तिनं साध्या कागदावर अर्ज दिला. चौथ्या दिवशी, दोन हेलपाट्यांनंतर, झेरॉक्स मिळाली. बाळ पायाळू होतं, एवढंच कारण. म्हणजे हाड अरुंद म्हणून सिझर झालं नव्हतं. यावेळी बाळाचं डोकं खाली आहे आणि वार वर आहे.

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी कागद वाचले, तिला आणि सासूबाईंना समोर बसवून दोन्ही बाजू सांगितल्या. ठरलं ते असं: कळा आपणहून आल्या तर प्रयत्न, बाळाच्या ठोक्यांवर सारखं लक्ष ठेवून. दोन कळांच्या मधेही पोट दुखत राहिलं, रक्त गेलं किंवा ठोके बिघडले तर लगेच सिझर. तारीख उलटली तर सिझर. सासूबाईंनी विचारलं, "आणि मधेच तिला नको वाटलं तर?" बाई म्हणाल्या, तर तिचं ऐकायचं.

आता तिला नववा लागलाय. गेल्या आठवड्यापासून ती मुलीला घेऊन वराळ्याला बहिणीकडे राहायला आली आहे, दवाखाना जवळ पडतो म्हणून. कपाटावर १०८ नंबर खडूनं लिहिलाय. नवऱ्यानं मुकादमाला सांगून ठेवलंय की तारीख नक्की नाही. गटानं पाच हजार रुपये बाजूला काढले आहेत, आणि रक्तगट जुळणाऱ्या आम्ही दोघींनी फोन उशाशी ठेवलाय.