कसारा लोकल–विदर्भ एक्स्प्रेस टक्कर (२०१२)

मुंबई–नाशिक लोहमार्गावर कसारा व खर्डी यांदरम्यान १९ जुलै २०१२ च्या रात्री झालेला अपघात. कसाऱ्याहून मुंबईला निघालेली लोकल रुळांवरून घसरली आणि शेजारच्या डाऊन मार्गावरून नाशिककडे येणारी विदर्भ एक्स्प्रेस घसरलेल्या डब्यांवर आदळली. एक जण ठार व काही जण जखमी झाले. मृतांचा आकडा लहान, म्हणून हा अपघात लवकर विसरला गेला. पण घसरणीतून टक्कर कशी उद्भवते ते समजायला नाशिककरांना याहून जवळचे उदाहरण नाही.

चाकाच्या आतल्या अंगाची कड, म्हणजे फ्लँज, चाकाला रुळावर धरून ठेवते. रूळ तुटला, खालची खडी वाहून गेली किंवा दरड आडवी आली, की ही कड रुळावर चढते किंवा बाहेर उतरते. डब्यांमधील ब्रेकची नळी तुटली की तिच्यातील हवा निसटते आणि ब्रेक आपोआप लागतात; तरी मागच्या डब्यांचा रेटा पुढच्यांना बाजूला ढकलत राहतो. दोन मार्गांच्या मध्यरेषांतील अंतर नव्या कामांत ५.३ मीटर असते, जुन्या मार्गांवर त्याहूनही कमी. लोकलचा डबाच ३.६६ मीटर रुंद. तो थोडा कलला तरी शेजारच्या गाडीची वाट अडते.

खरा धोका इथून पुढे. सिग्नल यंत्रणेला रुळांवरची चाके कळतात, रुळांवर झुकलेला डबा कळत नाही. त्यामुळे शेजारच्या मार्गाचा सिग्नल हिरवाच राहू शकतो. म्हणून नियम असा, की घसरलेल्या गाडीच्या कर्मचाऱ्यांनी आपल्या गाडीआधी शेजारचा मार्ग सुरक्षित करावा: फ्लॅशर दिवा लावावा, समोर धावत जाऊन ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर तीन डिटोनेटर (चाकाखाली फुटून चालकाला इशारा देणारे फटाके) रुळावर बसवावेत. कागदावर हे चोख आहे. रात्री, पावसात, समोरची गाडी जवळ आलेली असताना १,२०० मीटर धावायचे कोणी, हा प्रश्न उरतोच. हा धोका किती मोठा, ते पंजाबातील खन्ना येथे दिसले: १९९८ मध्ये तिथे फ्रंटियर मेलच्या घसरलेल्या डब्यांवर सियालदह एक्स्प्रेस आदळून दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

नाशिक जिल्ह्यात घोटीजवळ मंगला एक्स्प्रेस (१५ नोव्हेंबर २०१३) आणि लहवित–देवळालीदरम्यान पवन एक्स्प्रेस (३ एप्रिल २०२२) घसरल्या. घोटीत जीवितहानी झाली; मात्र दोन्ही वेळा दुसरी गाडी त्यात सापडली नाही.

अशा गंभीर अपघातांची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात. हे पद रेल्वे नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

कसाऱ्याचा पट्टा बंद पडला, की लांब पल्ल्याच्या गाड्या दौंड–मनमाड किंवा वसई–सुरत–जळगाव मार्गे वळवतात. दोन्ही वाटा नाशिक रोडला वगळून जातात. पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकाला मग घाटातून एसटी किंवा टॅक्सीच गाठावी लागते.