शांततेची खोली : कर्ण्यापासून घोटीतल्या कोपऱ्यापर्यंत

ध्वनिमुद्रणाचा इतिहास आपण बहुधा यंत्रांच्या क्रमाने सांगतो. आधी कर्णा, मग मायक्रोफोन, मग फीत, मग संगणक. आवाज ज्या खोलीत उमटला त्या खोलीची नोंद क्वचितच होते. गेली काही वर्षे मी घोटी परिसरातल्या जात्यावरच्या ओव्या आणि भातशेतीतले जुने शब्द नोंदवतो आहे. त्यासाठी घराच्या एका कोपऱ्यात आवाजाची छोटी खोली बांधायची वेळ आली, तेव्हा हा राहिलेला इतिहास शोधावा लागला.

नोव्हेंबर 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात हॉटेलातल्या खोलीत गौहरजानचा आवाज तबकडीवर घेतला. त्या खोलीत खास काहीच नव्हते, कारण कर्ण्याला तिची गरज नव्हती. गाणाऱ्याने कर्ण्याच्या तोंडाशी जाऊन खड्या आवाजात गावे, तेव्हाच सुई मेणावर ओरखडा काढी. रस्त्यावरची टांग्याची खडखड तिच्यापर्यंत पोचतच नसे. कर्णा बहिरा होता, म्हणून हॉटेलची खोली चालून गेली.

1925 च्या सुमारास विजेवरचे मुद्रण आले आणि सारे पालटले. मायक्रोफोनला कुजबुजही ऐकू येई. गायकाला ओरडावे लागेना, पण त्याच्या मागची भिंत, खिडकीबाहेरचा फेरीवाला, छताला आपटून परतलेला सूर, सगळेच आत येऊ लागले. खोली प्रथमच ऐकू आली ती तेव्हा. 23 जुलै 1927 ला मुंबईचे रेडिओ केंद्र सुरू झाले. त्या काळातल्या रेडिओ स्टुडिओंत भिंतींवर जाड पडदे सोडण्याची पद्धत जगभर होती, ती याच कारणाने.

आमच्या जिल्ह्याच्या दादासाहेब फाळक्यांना ही अडचण बराच काळ आली नाही. 1913 मध्ये त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला तेव्हा चित्रपट मुका होता. चित्रीकरण चालू असताना कोणी कितीही आरडाओरडा केला तरी बिघडत नसे. 14 मार्च 1931 ला मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि तो सुखाचा काळ संपला. अर्देशीर इराणींच्या स्टुडिओजवळून आगगाड्या जात. म्हणून या पहिल्या बोलपटाचे बरेचसे चित्रीकरण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर झाले. भिंतीने जे साधले नाही ते रात्रीने साधले.

गंमत अशी, की या विद्येचा पाया घालणारा माणूसही रात्रीच काम करी. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातले एक व्याख्यानगृह इतके घुमे, की वक्त्याचा शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळे. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर ते सुधारण्याचे काम आले. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री उचलून आणी, एकेक वाढवत ऑर्गनचा सूर विरायला किती वेळ लागतो ते मोजी आणि पहाटेपूर्वी गाद्या परत ठेवी. त्यातून नियम निघाला : खोलीचे घनफळ घनमीटरांत घ्या, 0.161 ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. निनाद किती सेकंद टिकेल ते कळते.

हा नियम समजायला घोटीत हार्वर्डची गरज नाही. आमचा भाग भाताचा, गाव भाताच्या गिरण्यांचे. भाद्रपदातल्या रिकाम्या गोदामात टाळी वाजवा, ती घुमत राहते. नवा भात आल्यावर पोत्यांच्या थप्प्या लागल्या, की तीच टाळी जागच्या जागी मरते.

पण इथेच बहुतेकांची गल्लत होते. पोत्यांनी गोदामातला घुमारा गेला, बाहेरच्या ट्रकचा आवाज मात्र तसाच राहिला. आतला आवाज शोषणे आणि बाहेरचा आवाज अडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला मऊ, सच्छिद्र वस्तू लागते. दुसऱ्याला वजन आणि बंदिस्तपणा. भिंतीचे वजन दुप्पट केले तर साधारण 6 डेसिबलची घट वाढते. स्पंज किंवा अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून महामार्ग थांबत नाही, कारण त्यांना वजनच नाही.

घोटीला अडवण्यासारखे पुष्कळ आहे. 1865 मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आली, तेव्हापासून गाडी आमच्या कानाशी आहे. मुंबई–आग्रा रस्ता गावाला लागून जातो. त्यात इगतपुरी तालुक्याचा पाऊस आणि घरांवरचे पत्रे. इराणींना मिळालेली मध्यरात्र आमच्याकडे उरलेली नाही. मालगाड्या आणि ट्रक रात्रीच जास्त.

म्हणून आमची खोली घरातली खोली आहे. बाहेरच्या भिंतीला न टेकणारी, रबराच्या तुकड्यांवर उभी, म्हणजे जमिनीतून येणारी गिरणीची थरथर वर चढत नाही. आतली मापे 1.2, 1.5 आणि 2.1 मीटर. ती मुद्दाम वेगवेगळी ठेवली. समोरासमोरच्या भिंतींत सूर अडकतो : 1.2 मीटरला सुमारे 143 हर्ट्‌झ, 1.5 ला 114, 2.1 ला 82. हे सगळे माणसाच्या आवाजाच्या खालच्या पट्टीतले. खोली चौरस केली असती तर दोन जोड्या एकाच सुरावर घुमल्या असत्या आणि आवाज डब्यातून आल्यासारखा झाला असता. हा खालचा घुमारा पातळ स्पंजाला दाद देत नाही, म्हणून कोपऱ्यांत खनिज लोकरीचे जाड थर दिले. मधल्या आणि वरच्या सुरांसाठी धनगरी घोंगडी भिंतीपासून चार बोटे सोडून टांगली. भिंतीला चिकटवण्यापेक्षा अशी टांगलेली घोंगडी अधिक खोलवरचे सूर शोषते. दाराच्या फटी हा सर्वांत मोठा शत्रू. भिंतीचा शंभरावा भाग उघडा राहिला, तर उरलेली भिंत कितीही जड असो, घट 20 डेसिबलच्या पुढे जात नाही. आणि फटी बुजवल्या की जीव गुदमरतो; हवेसाठी आतून मऊ अस्तर लावलेली, दोन वळणांची नळी ठेवावी लागते.

एवढे केल्यावर शब्द स्वच्छ येतात. पण ओवी म्हणणारी म्हातारी त्या कोपऱ्यात बसली की अडखळते. जात्याची घरघर हाच तिचा ताल. शेजारणीचा हुंकार हाच तिचा श्रोता. खोलीने दोन्ही काढून घेतले. 1902 च्या तबकड्यांनीही मैफलीतले गाणे दोन-तीन मिनिटांत बसवले होते आणि पुढच्या पिढ्यांना गाणे बरेचसे तेवढेच माहीत झाले. खोली आणि यंत्र जे वगळतात, ते नंतर कोणी मागूही शकत नाही.

म्हणून मी प्रत्येक ओवी दोनदा घेतो. एकदा खोलीत, शब्द आणि उच्चार कळावेत म्हणून. एकदा पडवीत, जात्यासकट, शेजारणीसकट. दोन्हींच्या नोंदीत तारीख, वेळ, जागा आणि बाहेर काय चालू होते ते लिहितो : पाऊस, मालगाडी, गिरणी. पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला ओवीबरोबर तिचे गावही कळले पाहिजे.