गॉथिक रॉक आणि इलेक्ट्रिक गिटार : पहिले गाणे कसे बसवावे?

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पंक संगीताची लाट ओसरू लागली आणि तिच्यातूनच एक गंभीर, काळोख्या छटेची शैली जन्माला आली. तिला पुढे 'गॉथिक रॉक' हे नाव मिळाले. नॉर्दम्पटन या पादत्राणांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या गावातील 'बाऊहाउस' या वाद्यवृंदाने १९७९ मध्ये 'बेला लुगोसीज डेड' हे नऊ मिनिटांहून अधिक लांबीचे गाणे प्रसिद्ध केले. १९३१ च्या 'ड्रॅक्युला' चित्रपटातील नटाचे नाव धारण करणारे हे गाणे या शैलीचा आरंभबिंदू मानले जाते. त्याच वर्षी मँचेस्टर परिसरातील 'जॉय डिव्हिजन'चा पहिला अल्बम आला. लीड्स शहरात १९८० मध्ये 'द सिस्टर्स ऑफ मर्सी'ची स्थापना झाली.

कापसाचा जुना धागा

वर्धा जिल्ह्याला मँचेस्टर हे नाव अपरिचित नाही. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर वऱ्हाड व मध्य प्रांताकडे वळली. १८६२ मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तर १८६७ मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरला पोहोचला. हिंगणघाटच्या कापसाला इंग्लंडच्या बाजारात स्वतःची ओळख होती. पुढे विसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. ओस पडलेल्या त्या औद्योगिक शहरांचे उदास वातावरण 'जॉय डिव्हिजन'च्या संगीतात उतरले, असे समीक्षक मानतात. बंद गिरणीचा भोंगा आठवणाऱ्या हिंगणघाट-पुलगावच्या रसिकाला ही उदासी समजावून सांगावी लागत नाही.

गाण्याची निवड

नवशिक्यासाठी 'द क्युअर'चे 'अ फॉरेस्ट' (१९८०) हे गाणे सोयीचे ठरते. त्याचा मुख्य सांगाडा ए मायनर, सी मेजर, एफ मेजर आणि डी मायनर या चार कॉर्डवर उभा आहे. पेटी वाजवणाऱ्याला त्याचा स्वरसमूह ओळखीचा वाटेल. पांढरी सहा हा षड्ज धरून केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की आसावरी थाटाचे स्वर मिळतात. हेच या गाण्याचे स्वर होत. चारही कॉर्डचे मूळ स्वर अनुक्रमे षड्ज, कोमल गंधार, कोमल धैवत आणि मध्यम असे येतात. भजनी मंडळात पेटीवर बसलेला हात येथे वाया जात नाही.

बोटांची मांडणी

गिटारच्या तारा जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावाव्यात. ए मायनरसाठी डी आणि जी तारा दुसऱ्या पडद्यावर, तर बी तार पहिल्या पडद्यावर दाबावी. तेथून सी मेजरकडे जाताना केवळ अनामिका जी तारेवरून उचलून ए तारेच्या तिसऱ्या पडद्यावर न्यावी. उरलेली दोन बोटे जागीच राहतात. एफ मेजर हा नवशिक्याचा खरा अडथळा. प्रारंभी केवळ बारीक चार तारांवर तो वाजवावा : डी तिसऱ्या, जी दुसऱ्या, बी आणि ई पहिल्या पडद्यावर. डी मायनरसाठी जी दुसऱ्या, बी तिसऱ्या आणि बारीक ई पहिल्या पडद्यावर येते.

मूळ गाण्याची गती मिनिटाला १६० ठोक्यांच्या आसपास आहे. सराव मात्र ८० वर सुरू करावा आणि चारही बदल न अडखळता होऊ लागल्यावरच गती थोडी थोडी वाढवावी.

ध्वनीचा रंग

या शैलीत भरमसाट डिस्टॉर्शन लावणे ही नेहमीची चूक. येथे स्वर स्वच्छ किंवा किंचित खरखरीत असतो आणि त्याला फ्लँजर, कोरस व डिले यांची जोड मिळते. फ्लँजर मूळ ध्वनीत त्याचीच काही मिलिसेकंद उशिरा येणारी प्रत मिसळतो आणि हा उशीर सतत कमी-जास्त करतो. त्यातून लाटेसारखा फिरणारा नाद उमटतो. डिलेचा प्रतिध्वनी तालात बसण्यासाठी ६०,००० ला गतीने भागावे. १६० गतीला ३७५ मिलिसेकंद, तर ८० ला ७५० मिलिसेकंद असे उत्तर येते. प्रतिध्वनीला जागा हवी, म्हणून कमी स्वर वाजवावेत. या गाण्यात बास गिटारचे वजन मोठे आहे. शेवटी इतर वाद्ये गळून पडतात आणि बासच उरतो. त्यामुळे सहवादकाचे ऐकणे हाही सरावाचाच भाग ठरतो.

वैदर्भीय हवामानातील काळजी

वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या छताखालील खोलीत किंवा बंद मोटारीत गिटार ठेवल्यास मान वाकण्याची भीती असते. कूलरचा ओलसर झोत थेट वाद्यावर येऊ देऊ नये. तारा लवकर गंजतात. वादनानंतर कोरड्या कापडाने तारा पुसाव्यात. अ‍ॅम्प्लिफायर नेहमी अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या जोडणीवरच लावावा. अर्थिंग नसल्यास घरघर वाढतेच, शिवाय विजेचा झटका बसण्याचा धोका असतो. दाट वस्तीत हेडफोनची सोय असलेला छोटा अ‍ॅम्प्लिफायर उत्तम. रात्रीचा सराव त्यामुळे शेजाऱ्यांना उपद्रव न होता करता येतो.

चार कॉर्ड काही आठवड्यांत हाताला बसतात. दोन स्वरांमधली रिकामी जागा न भरता तशीच सांभाळणे मात्र सावकाश साधते, आणि या शैलीचे मर्म तेथेच आहे.