दोन सूर्योदयांचे अंतर

नकाशावर फूटपट्टी ठेवून दोन शहरांमधील अंतर काढणे सोपे आहे. परंतु ते कापण्यास किती वेळ लागेल, हे फूटपट्टी सांगत नाही. ते पुष्कळदा इतिहासालाच विचारावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ आणि श्रीलंकेच्या दक्षिण टोकाचे गाल यांच्यामधील हवाई मार्गाची हकीकत या दृष्टीने आम्हांला मोठी उद्बोधक वाटते.

१९३५ साली ऑस्ट्रेलिया ते लंडन अशी प्रवासी विमानसेवा सुरू झाली, तेव्हा सिंगापूरवरून, ठिकठिकाणी मुक्काम करीत, त्या प्रवासास साडेबारा दिवस लागत. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि ही साखळी मधोमध तुटली. मग उरला एकच उपाय : मध्ये कोठेही न टेकता हिंदी महासागर ओलांडायचा.

१९४३ च्या जूनमध्ये क्वांटास कंपनीने हे धाडस आरंभिले. पर्थच्या स्वान नदीवरून उडायचे आणि गालजवळच्या कोग्गला सरोवरात उतरायचे. सरळ अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर. त्यासाठी निवडलेली कॅटालिना विमाने पाण्यावर उतरणारी, पल्ला मोठा असलेली, पण चालीने अगदी संथ. ताशी २०० किलोमीटरच्या आसपास. इंधनाच्या जादा टाक्या बसविण्यासाठी त्यांच्या अंगावरचे नव्हते-होते ते सारे उतरविण्यात आले. थंडी अडविणारे अस्तरसुद्धा. एवढे करून प्रवासी किती? फार तर तीन, आणि सोबत ६९ किलो टपाल. प्रवासास २७ ते ३३ तास लागत. सर्वांत लांबलेले उड्डाण ३२ तास ९ मिनिटांचे नोंदलेले आहे. निघताना विमान इंधनाने इतके जड झालेले असे, की पहिल्या काही तासांत एक इंजिन बंद पडले तर दुसऱ्यावर निभाव लागणे कठीणच.

वाटेवर जपानी विमानांचा धोका होता. म्हणून बिनतारी यंत्र मुके ठेवायचे आणि ताऱ्यांवरून दिशा काढायची. या पाच विमानांना नावेही ताऱ्यांचीच होती. इंग्रजी नावे बाजूस ठेवून आपल्या पंचांगाच्या भाषेत सांगायचे, तर ती होती श्रवण, अभिजित, ज्येष्ठा, चित्रा आणि मृगातील राजन्य. आमच्या घरी चित्रा आणि ज्येष्ठा यांचा संबंध पावसाशी व मुहूर्ताशीच येत असे. त्यांच्या आधाराने कोणी समुद्र ओलांडला असेल, हे लहानपणी आमच्या स्वप्नातही आले नसते.

इतक्या वेळात प्रवाशांना दोन सूर्योदय दिसत. म्हणून प्रत्येकाला ‘दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा’चे प्रशस्तिपत्र मिळे. युद्धाच्या ऐन धामधुमीत कोणाला तरी अशी गंमत सुचावी, याचे आम्हांला कौतुक वाटते. जुलै १९४५ पर्यंत या विमानांनी महासागर २७१ वेळा ओलांडला, आणि त्यांतील एकही बुडाले नाही.

मार्च २०१८ मध्ये त्याच पर्थहून लंडनला विनाथांबा विमान सुरू झाले. अंतर जवळजवळ १४,५०० किलोमीटर, वेळ सुमारे १७ तास. म्हणजे अडीचपट वाट, आणि वेळ कॅटालिनाच्या दोनतृतीयांशाहूनही कमी. असे असूनही आकाशात सर्वाधिक तास काढणाऱ्या नियमित प्रवासी सेवेचा मान अजून त्या संथ विमानांकडेच आहे.

ही विमाने अमेरिकेकडून उसनवारीच्या करारावर आलेली होती. युद्ध संपल्यावर त्या करारातील अटींप्रमाणे श्रवण, अभिजित आदी पाचही विमाने नेऊन समुद्रात बुडविण्यात आली.